आगबोटीतील आग : अर्देशीर खरसेटजी वाडिया (१८०८–१८७७)



ज्यांचे वाडवडील रत्नागिरी किंवा रायगडकडून पोटापाण्यासाठी मुंबईस आले, त्यांच्या घरात ‘आगबोट’ हा शब्द अजून ऐकू येतो. धक्क्यावर उतरायचे, डोक्यावर ट्रंक घ्यायची आणि डोंगरी, नागपाडा नाहीतर माझगावात गाववाल्यांच्या खोलीवर मुक्काम टाकायचा, अशी ती पिढी होती. त्यांतील कित्येकजण पुढे बोटीवरच नोकरीस लागले. भट्टीत कोळसा टाकणाऱ्या माणसाला बोटीवर ‘आगवाला’ म्हणत. आगबोट आणि आगवाला हे दोन शब्द तुम्ही नीट पाहिलेत, तर रसायनशास्त्रातील एक आख्खा धडा त्यांत आहे असे दिसेल. कोळसा जळतो, उष्णता बाहेर पडते, त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते आणि वाफेच्या जोरावर शेकडो माणसांसह बोट समुद्र कापीत जाते. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात हाच धडा ‘ऊष्मादायी’ आणि ‘ऊष्माग्राही’ अशा भारदस्त नावांनी येतो. मुले व्याख्या पाठ करतात, गुण मिळवतात आणि जून महिना उजाडेपर्यंत विसरून जातात. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत हा धडा व्याख्येने न सांगता एका मुंबईकराच्या चरित्राने सांगावा असे वाटले. त्यांचे नाव अर्देशीर खरसेटजी वाडिया.

अर्देशीर यांचा जन्म १८०८ साली मुंबईत, जहाज बांधणाऱ्या प्रख्यात वाडिया घराण्यात झाला. ह्या घराण्याचे मूळ पुरुष लवजी नसरवानजी १७३६ साली सुरतेहून मुंबईच्या गोदीत आले. तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गोदीतील मुख्य कारागिराची जागा ह्याच घराण्याकडे राहिली. मलबारच्या सागवानाची त्यांनी बांधलेली गलबते इंग्रजांच्या आरमारात मानाने वापरली जात. त्यांपैकी १८१७ साली मुंबईत पाण्यात सोडलेली ‘ट्रिंकोमली’ ही युद्धनौका आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगत्या स्थितीत जतन केलेली आहे. अशा घरातला मुलगा चौदाव्या वर्षी वडिलांच्या हाताखाली गोदीत कामास लागला, यात नवल ते काय? पोटाची चिंता नव्हती, मान वाट पाहत होता. वाट मळलेली होती. लाकूड आणि शीड एवढे नीट शिकले की झाले.

पण अर्देशीर यांचे मन लाकडापेक्षा वाफेकडे धावत होते. आणि वाफ ही त्या काळी खात्रीची गोष्ट नव्हती, हे ध्यानात घ्या. ते २१ वर्षांचे होते तेव्हा, १८३० च्या मार्च महिन्यात, मुंबईतच बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट सुवेझकडे निघाली. वाफेच्या बळावर तेथवर जाण्याचा मुंबईचा तो पहिलाच प्रयत्न. बोटीच्या कोठारात जेमतेम पाच-सहा दिवसांचा कोळसा मावे, आणि एडन गाठावयास तर अकरा दिवस लागणार. तेव्हा उतारूंच्या खोल्यांत, डेकवर, जेथे रिकामी जागा दिसेल तेथे कोळसा भरला गेला. बोट इतकी खोल बसली की ती चालेल की नाही याचीच शंका. एडनला पोहोचली तेव्हा तिच्यापाशी अवघ्या काही तासांपुरता कोळसा उरला होता!

आता येथे थोडे थांबून कोळशाचाच विचार करू. कोळशातील मुख्य मूलद्रव्य कार्बन. बारा ग्रॅम शुद्ध कार्बन पुरेशा हवेत पूर्णपणे जळाला, की सुमारे ३९४ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. मुंबईच्या नळाचे एक ग्रॅम पाणी तापवून त्याची पूर्ण वाफ करावयास सुमारे अडीच किलोज्यूल लागतात. म्हणजे बारा ग्रॅम कार्बनातून, एक कणही उष्णता वाया गेली नाही तर, दीडशे ग्रॅम पाण्याची वाफ व्हावी. पण त्या वेळच्या बोटींच्या इंजिनांत शंभर भाग उष्णतेपैकी चार-पाच भागसुद्धा प्रत्यक्ष कामास येत नसत. बाकीची उष्णता धुराड्यातून आणि वाया गेलेल्या वाफेतून निघून जाई. म्हणून ‘ह्यू लिंडसे’च्या उतारूंच्या खोल्यांत उतारूंऐवजी कोळसा बसला होता.

ही उष्णता येते कोठून? वर्गात हा प्रश्न विचारला तर दहापैकी आठ मुले सांगतात की रेणूंमधील बंध तुटले म्हणजे ऊर्जा बाहेर पडते. हे उत्तर चुकीचे आहे आणि ही चूक इतकी पसरलेली आहे की पालकांनीही ती ऐकून ठेवावी. बंध तोडावयास ऊर्जा खर्च करावी लागते. नवा बंध जुळतो तेव्हा ऊर्जा मिळते. हायड्रोजन जळून पाणी होते त्याचा हिशोब पाहा. हायड्रोजनाचे दोन रेणू आणि ऑक्सिजनाचा एक रेणू घेतला. त्यांचे बंध तोडण्याचा खर्च, रसायनशास्त्राच्या नेहमीच्या मापाने, ८७२ अधिक ४९८, म्हणजे १३७० किलोज्यूल. नंतर पाण्याचे दोन रेणू तयार होताना चार नवे बंध जुळतात आणि त्यांतून सुमारे १८५२ किलोज्यूल परत मिळतात. जमा वजा खर्च, शिल्लक ४८२. ही शिल्लक म्हणजेच आपल्याला लागणारी धग. ज्या अभिक्रियेत अशी शिल्लक उरते ती ऊष्मादायी. जेथे खर्चच जमेपेक्षा जास्त होतो आणि तूट बाहेरून उष्णता घेऊन भरावी लागते ती ऊष्माग्राही. दुकानाची वही ज्याला कळते त्याला हा धडा कळावयास हरकत नाही. आणि गोणीतला कोळसा आपणहून का पेटत नाही, याचेही उत्तर ह्याच वहीत आहे. सुरुवातीचा खर्च कोणीतरी आधी करावा लागतो. काडी ओढणे म्हणजे तो पहिला हप्ता.

अर्देशीर यांनी १८३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत एक अश्वशक्तीचे लहानसे वाफेचे इंजिन स्वतः तयार केले आणि विहिरीचे पाणी उपसावयास लावले. हे एवढेसे इंजिन मला त्यांच्या पुढच्या मोठ्या कामांपेक्षाही महत्त्वाचे वाटते. त्यानंतर १८३३ साली साठ टनांच्या ‘इंडस’ नावाच्या गलबतावर त्यांनी इंजिन बसवले आणि ते समुद्रात चालवून दाखवले. वय पंचवीस.

आणि मग आले १८३४ साल. माझगावातील आपल्या बंगल्यात आणि बागेत अर्देशीर यांनी गॅसचे दिवे लावले. मुंबईच्या माणसांनी तोवर दिवा म्हणजे तेल आणि वात, नाहीतर मेणबत्ती एवढेच पाहिले होते. येथे तर वात नाही, तेल नाही, नळीच्या तोंडाशी ज्योत उभी! पाहावयास लोकांची रीघ लागली. तेव्हाचे गव्हर्नर अर्ल ऑफ क्लेअर स्वतः येऊन पाहून गेले आणि त्यांनी अर्देशीर यांना मानाचा पोशाख दिला. हे सारे काम त्यांनी केवळ इथल्याच कारागिरांना हाताशी धरून केले होते.

त्या काळी गॅस करीत कसा? लोखंडाच्या बंद नळकांड्यात दगडी कोळसा भरीत आणि नळकांडे खालून लाल होईपर्यंत तापवीत. आत हवा नसल्याने कोळसा जळत नाही. त्याचे विघटन होते. निघणारे वायू नळीवाटे थंड केले की डांबर खाली बसते. पुढे वायू चुन्यातून नेला म्हणजे त्यातील कुजक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड बराचसा निघून जातो. उरलेला वायू पाण्यात पालथ्या घातलेल्या मोठ्या पिंपात साठवीत. त्यात निम्म्याच्या आसपास हायड्रोजन, तिसऱ्या हिश्शाच्या सुमारास मिथेन आणि थोडा विषारी कार्बन मोनॉक्साइड असे. बाकीचे किरकोळ.

पाहा, एकाच अंगणात उष्णतेची देवघेव कशी दोन्ही बाजूंनी चालली होती. नळकांड्याखाली जळणारा कोळसा उष्णता देतो आहे, नळकांड्यातील कोळसा ती घेतो आहे, आणि त्यातून निघालेला वायू बागेत जळताना पुन्हा उष्णता आणि उजेड देतो आहे. ऊष्माग्राही अभिक्रियेचे अगदी चोख उदाहरण हवे असेल तर ते वायू धुणाऱ्या चुन्यापाशीच सापडते. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो. शंभर ग्रॅम चुनखडीला त्यासाठी सुमारे १७८ किलोज्यूल पुरवावे लागतात. भट्टी विझली की काम थांबले. उलट त्याच कळीच्या चुन्यावर पाणी ओतले की तो फसफसून तापतो आणि ५६ ग्रॅम चुन्यामागे सुमारे ६५ किलोज्यूल बाहेर टाकतो. घराला सफेदी देताना आपल्या आजोबांच्या वेळी चुना पिंपात विरवीत आणि मुलांना त्याच्या जवळही फिरकू देत नसत, ते यामुळेच. डोळ्यांत उडाला तर दृष्टी जाते. हा प्रयोग घरी करावयाचा नाही, हे येथे स्पष्ट सांगतो.

घरी करावयाचा असेल तर दुसरा आहे. एका काचेच्या पेल्यात लिंबाचा रस घ्या, पेला बाहेरून हाताने धरा आणि त्यात चमचाभर खाण्याचा सोडा घाला. फेस येईल आणि पेला हाताला गार लागेल. बाहेरून उष्णता खेचली जाते आहे, ती तुमच्याच तळव्यातून. कल्हईवाल्याकडील नवसागर पाण्यात विरघळतानाही पाणी असेच गार होते. पालकहो, मुलाने किंवा मुलीने स्वयंपाकघरात एक लिंबू मागितले तर ‘अभ्यास सोडून हे काय’ म्हणू नका. मुलीने मागितले तर विशेषतः नका म्हणू. अर्देशीर यांच्या वडिलांच्या अंगणात डांबराचा आणि सडक्या अंड्यांचा वास सुटला असेल, त्यापुढे लिंबू म्हणजे काहीच नाही.

अर्देशीर यांच्या दिव्याची ज्योत पिवळी असणार. त्या वेळच्या ज्योतीत काजळीचे सूक्ष्म कण तापून चमकत आणि त्यांचाच उजेड पडे. दिव्याला पिवळी ज्योत हवी असते, चुलीला मात्र निळी. आज मुंबईच्या पुष्कळ इमारतींत नळाने जो गॅस येतो तो मुख्यतः मिथेन आहे. त्याची ज्योत पिवळी होऊन भांड्याची बुडे काळी पडू लागली तर समजा की हवा कमी पडते आहे आणि तुमचे पैसे काजळी होऊन भांड्याला चिकटताहेत. बारा ग्रॅम कार्बन अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड झाला तर फक्त १११ किलोज्यूल मिळतात. त्या मोनॉक्साइडमध्ये २८३ किलोज्यूल अजून अडकलेलेच राहतात. शिवाय हा वायू रंगहीन, वासहीन आणि जीवघेणा आहे. न्हाणीघरात गॅसचा गिझर लावून खिडकी बंद करणे किती धोक्याचे आहे ते यावरून ओळखा.

१११ आणि २८३ मिळवा. बेरीज ३९४ येते, म्हणजे पूर्ण ज्वलनाचा जो आकडा वर दिला तोच. हा योगायोग नव्हे. रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे राहणाऱ्या हेस नावाच्या शास्त्रज्ञाने १८४० साली हा नियम मांडला. अभिक्रिया एका पायरीने होवो की चार पायऱ्यांनी, आरंभ आणि शेवट तेच असतील तर उष्णतेची एकूण देवघेव तीच राहते. गिरगावातून मलबार हिलवर चढून जाणाऱ्याने पायऱ्यांची वाट धरली काय किंवा वळणाचा रस्ता धरला काय, तो चढला तितकीच उंची. त्याच दशकात इंग्लंडात ज्यूल काम आणि उष्णता यांचे माप जुळवीत होता. त्याचेच नाव आज आपण किलोज्यूलमध्ये घेतो.

आणि १८४० साली आपले अर्देशीर होते कोठे? लंडनमध्ये! त्याआधी मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांना यंत्रशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकविण्याच्या कामी ते मदत करीत. परंतु स्वतःचे शिक्षण अपुरे आहे ही जाणीव त्यांना होती. म्हणून १८३९ साली, तिशी उलटल्यावर, घरदार मागे ठेवून ते आगबोटीने सुवेझ आणि तेथून इजिप्तच्या खुष्कीच्या वाटेने इंग्लंडास गेले. ह्या प्रवासाची त्यांची इंग्रजी दैनंदिनी पुढच्याच वर्षी लंडनमध्ये छापली गेली. तेथे त्यांनी कारखाने, गोद्या, इंजिने पाहिली. इंजिनियर मंडळींच्या संस्थेत त्यांना प्रवेश मिळाला. मग २७ मे १८४१ रोजी रॉयल सोसायटीने त्यांना आपले फेलो निवडले. न्यूटन ज्या संस्थेचा अध्यक्ष होता, तिच्यात बसणारा हा पहिला हिंदी माणूस. शिफारशीत कोणत्या कामांचा उल्लेख होता म्हणता? माझगावातला गॅस आणि साठ टनांचे वाफेचे गलबत. त्यांच्यानंतरचे दुसरे हिंदी फेलो म्हणजे गणिती श्रीनिवास रामानुजन. त्यांची निवड १९१८ साली झाली. मध्ये ७७ वर्षे गेली.

ईस्ट इंडिया कंपनीने अर्देशीर यांना मुंबईच्या वाफयंत्रांच्या कारखान्याचे मुख्य इंजिनियर नेमले आणि १८४१ सालीच त्यांनी तो पदभार घेतला. हाताखाली सुमारे शंभर युरोपीय इंजिनियर व बॉयलर बांधणारे आणि दोनशेच्या आसपास हिंदी कारागीर. गोऱ्या माणसांवर काळ्या माणसाचा हुकूम चालावा ही गोष्ट त्या काळी अनेकांना पचणारी नव्हती. हिंदी माणसाला युरोपीय कामगारांवर वचक ठेवता येणार नाही अशी टीका इंग्रजी वृत्तपत्रातूनही झाली. अर्देशीर यांनी ते काम १८५७ पर्यंत, सोळा वर्षे सांभाळले. बॉयलरमध्ये दाब किती चढला, भट्टीला हवा किती मिळते, कोळसा किती जळाला, हे प्रश्न माणसाचा रंग पाहत नाहीत. ज्याला ती आग कळते त्याचेच तेथे चालते, आणि अर्देशीर यांना ती विहिरीवरच्या त्या चिमुकल्या इंजिनापासून कळत होती.

नोकरी सांभाळून घरच्या कारखान्यातील उद्योग चालूच होते. १८५१ साली त्यांनी ‘लवजी फॅमिली’ नावाची आगबोट पाण्यात सोडली. तिच्या इंजिनाचे भाग त्यांच्या स्वतःच्या ओतशाळेत तयार झाले होते. शिवणयंत्र, छायाचित्रण आणि विजेच्या साहाय्याने धातूचा मुलामा देण्याची कला ह्या गोष्टी मुंबईस परिचित करून देण्याचे श्रेयही त्यांना देतात. मुलाम्याच्या कामात धातूवर धातू चढवावयास विजेची ऊर्जा रासायनिक बदलात खर्च होते. म्हणजे येथेही तीच देवघेव, फक्त उष्णतेच्या जागी वीज.

निवृत्त झाल्यावर १८६१ ते १८६३ ह्या काळात सिंधू नदीवरील आगबोटींच्या ताफ्याची देखरेख त्यांच्याकडे होती. नंतर ते इंग्लंडास जाऊन राहिले आणि १६ नोव्हेंबर १८७७ रोजी लंडनजवळील रिचमंड येथे वारले. भारताच्या टपाल खात्याने १९६९ साली त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले ते १८६० च्या दशकात, अर्देशीर यांच्या बागेतील दिव्यांनंतर तब्बल तीस वर्षांनी. तोही गॅस कोळशापासूनच केलेला होता. संध्याकाळी खांद्यावर शिडी घेऊन दिवे पेटवीत जाणारा माणूस जुन्या मुंबईच्या आठवणींतून भेटतो. आता तो माणूस नाही आणि ते दिवेही नाहीत. पण माझगावहून भायखळा, चिंचपोकळी करीत लालबागेस गेलात तर ‘गॅस कंपनी लेन’ हे रस्त्याचे नाव तुम्हांला अजून ऐकावयास मिळेल.